कौशल्याबाईंची सहा खणांची मांडणी

कौशल्याबाई देवपुजारी यांच्याविषयी कोणी लेख लिहावा असे त्यांनी आयुष्यात काही केलेले नाही. सदरमधल्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी भूगोल शिकवला, रजा क्वचित घेतली, कोणाशी आवाज चढवून भांडल्या नाहीत आणि लग्न केले नाही. यांपैकी शेवटचीच गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली. मी त्याच शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि धरमपेठेत त्यांच्या घराजवळच राहत असे, त्यामुळे आमचे जाणे-येणे बरोबर होई. पुढे जे लिहिले आहे ते बहुतेक मी पाहिलेले आहे. उरलेले त्यांनी सांगितलेले आहे, आणि तिखटमीठ लावून सांगणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

धरमपेठेतले घर त्यांच्या वडिलांनी बांधले. वडिलांमागे ते थोरले भाऊ वामनराव यांच्या नावावर झाले आणि ते योग्यच झाले असे सर्वांचे मत पडले. कौशल्याबाईही त्याच घरात राहत, परंतु कोणत्या खोलीत, हे विचारणाऱ्याला आधी साल सांगावे लागे. वडील असेपर्यंत त्या समोरच्या खोलीत होत्या. पुतण्या मॅट्रिकला आला तेव्हा त्या अंगणाकडच्या खोलीत गेल्या. तिथे भाडेकरू ठेवायचे ठरले तेव्हा देवघरामागच्या अंधाऱ्या खोलीत गेल्या. पुढे त्या खोलीत धान्याच्या कोठ्या ठेवायच्या निघाल्या, आणि बाईंची रवानगी गच्चीलगतच्या खोलीत झाली. वैशाखात त्या खोलीच्या भिंतीला दुपारी हात लावता येत नसे. वामनराव पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. ते दर वेळी एकच वाक्य म्हणत, "घर आपलंच आहे, कुठंही राहिलं तरी काय फरक पडतो?" फरक पडत नाही हे ज्याला पटवून द्यावे लागते, हलायचे नेमके त्यालाच असते. हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

प्रत्येक हलवाहलवीत बाईंचे कपडे ट्रंकेत जात आणि पुस्तके साखरेच्या पोत्यात. भूगोलाचे मोठे नकाशासंग्रह पोत्यात दुमडत, त्यांचे कोपरे झिजत. त्या तक्रार करीत नसत, फक्त सुट्टीच्या दिवशी ते कोपरे खळ लावून चिकटवीत बसत.

१९७४ साली सिव्हिल लाइन्समध्ये एका विद्यार्थिनीच्या घरी त्यांनी एक मांडणी पाहिली. मुलीचे वडील बदलीच्या नोकरीतले इंजिनीयर होते. ती मांडणी म्हणजे एकसंध कपाट नव्हते. लाकडाच्या सुट्या चौकटी, ज्यांना आपण खण म्हणू, एकावर एक रचलेल्या होत्या. खाली सर्वांना पेलणारी एक बैठक होती आणि वर माथ्याची एक फळी. खिळा कुठेच नव्हता. खालच्या खणाच्या लाकडी खुंट्या वरच्याच्या भोकांत बसत. बदली झाली की खण उतरवायचे, ट्रकमध्ये घालायचे आणि नव्या गावी जशी भिंत मिळेल तसे पुन्हा रचायचे. बाईंनी यजमानांची परवानगी घेऊन मांडणीच्या मागे डोकावून पाहिले. येताना रिक्षात त्या एवढेच म्हणाल्या, "मला असं एक हवं."

त्यानंतर कित्येक रविवार आम्ही सदरमधली फर्निचरची दुकाने पालथी घातली. त्या काळी नागपुरात बदलाचे वारे लोखंडी आलमारीच्या दिशेने वाहत होते. आलमारी घ्यावी, तिला हिरवा रंग द्यावा आणि आरशावर लग्नातल्या टिकल्या चिकटवाव्यात, ही सुखवस्तूपणाची सर्वमान्य व्याख्या होती. सुटे खण मागणाऱ्या बाईकडे दुकानदार दयेने पाहत. शेवटी ओमप्रकाश नावाचे एक गृहस्थ भेटले. त्यांचे आजोबा उत्तरेतून आले होते आणि त्यांच्या मराठीत ते आजोबा अजून राहत होते.

"बाई, हे काय डब्बे-डब्बे मांगून राहिल्या तुम्ही? एक मस्त आलमारी घ्या न. जिंदगीभर हलत नाही पाहा."

"मला हलणारं हवं आहे," बाई म्हणाल्या.

त्यांनी ज्या पद्धतीने ती मांडणी निवडली, त्या पद्धतीने मी कोणाला काही निवडताना पाहिलेले नाही, नवरा तर नाहीच. नकाशासंग्रहांपैकी सर्वांत मोठा ग्रंथ त्या काखेत घेऊन गेल्या, आणि खणाची खोली त्याच्यावरून ठरली. पृथ्वीच्या गोलावरून एका खणाची उंची ठरली. बाकीच्या खणांची उंची वेगवेगळी चालेल, पण रुंदी सर्वांची एकच हवी, म्हणजे कोणताही खण कोणत्याही खणावर बसेल, असे त्यांनी बजावले. फळी मधे वाकते काय हे पाहण्यासाठी त्या नमुन्याच्या खणावर स्वतः बसल्या.

"मांडणी घेऊन राहिल्या का स्टूल?" ओमप्रकाश हसले.

"वेळ आली तर दोन्ही."

सागवान पक्के असल्याची ग्वाही ओमप्रकाशांनी छातीवर हात ठेवून दिली. बाईंनी ती ऐकून घेतली आणि मग फळीच्या टोकाकडून आतले लाकूड पाहिले, कारण पॉलिश पृष्ठभागावर असते, टोकाला नसते. तिथे फिकट, कोवळे लाकूड लागलेली एक फळी त्यांनी बाजूला काढली. नंतर पाठीचा प्रश्न निघाला. पाठीला साधी, खरखरीत फळी लावायची रीत होती.

"पाठ कोन पाहते, बाई? ते तर भिंतीकडे राहते."

"माझी भिंत बदलत असते, ओमप्रकाशजी. आज जी पाठ आहे ती उद्या खिडकीसमोर येईल. पाठीलाही सागवान लावा आणि पॉलिश करा."

मांडणी माघ महिन्यात तयार झाली. बाईंनी ती नेली नाही. "आत्ता लाकूड शहाण्यासारखंच वागेल," त्या म्हणाल्या. "एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्याला इथंच काढू द्या. मग नेईन." आपल्याकडचा वैशाख लाकडाला वाळवून फटी पाडतो आणि श्रावण त्यालाच फुगवून अडकवतो. दोन्ही सोसून जे चौकोनी राहील ते घरी न्यावे, असा त्यांचा हिशेब होता. ओमप्रकाशांनी कपाळावर हात मारला.

"लोक पोरगी पसंत कराले इतका टाइम नाही लावत, बाई!"

"ते पसंत करतात. मी पारखते आहे."

उन्हाळ्यात एका खणाच्या पाठीला केसाएवढी चीर गेली. ती पाठ बदलावी लागली. सर्वांत खालच्या खणाला दार होते, ते पावसाळ्यात अडले. ते रंधून घेतले. दसऱ्याच्या सुमारास मांडणी ठेल्यावरून धरमपेठेत आली. ती बाईंनी एकटीने जोडली. बैठक ठेवली, तिच्यावर खण चढवले आणि माथ्यावर फळी बसवली. साखरेची पोती त्यांनी धुऊन वाळवली आणि शोभाताईंना, म्हणजे आपल्या वहिनींना, परत केली.

त्यानंतरही त्यांच्या खोल्या बदलल्या. पाहुणे राहायला आले की त्यांना खाली देवघरामागे यावे लागे, पाहुणे गेले की पुन्हा वर. परंतु आता त्यांच्याबरोबर त्यांची जागाही जाई. बुटक्या खोलीत तीन-तीन खण शेजारी मांडले जात, उंच खोलीत सहा एकावर एक. कोणत्याही खोलीत सकाळी उठल्यावर पृथ्वीचा गोल त्याच खणात दिसे. त्या घरात माझे असे म्हणता येण्याजोगे त्यांच्यापाशी तेवढेच होते, आणि ही गोष्ट त्या घरात बाईंखेरीज कोणाच्या ध्यानात आलेली नव्हती.

१९७८च्या उन्हाळ्यात वामनरावांच्या मुलीचे, सुभद्रेचे, लग्न ठरले. स्थळ खाप्याचे होते. संत्र्याची बाग, कन्हानच्या काठी शेती, घरात माणसे पुष्कळ. सुभद्रा शांत मुलगी होती. आत्याच्या मांडणीजवळ बसून तिने बी.ए.चा अभ्यास केला होता. तिच्या होणाऱ्या सासूबाई, प्रयागबाई, साखरपुड्याला सहज बोलून गेल्या, "आमच्याकडे रुखवत पाह्यले अख्खं गाव येते बरं!" प्रयागबाईंना त्यात काही सुचवायचे होते असे मला वाटत नाही. पण मुलीच्या आईला सहज बोललेले काहीच ऐकू येत नाही.

रुखवत म्हणजे मुलीकडच्यांनी मांडवात मांडलेले प्रदर्शन: भांडी, विणकाम, रंगीत साखरेची तुळशीवृंदावने, मण्यांचे हत्ती. ते वरपक्षाने पाहायचे, वाखाणायचे आणि मुलीबरोबर घेऊन जायचे. शोभाताईंनी जमवलेले सगळे सामान एका चादरीवर मांडून पाहिले आणि त्यांना ते फारच थोडे वाटले. लग्नाच्या आदल्या दिवशी त्या गच्चीलगतच्या खोलीत आल्या. मी तिथे अक्षतांची पुडकी बांधीत होते.

"वन्सं, तुमची मांडणी उद्या खाली नेऊ का? तिच्यात मांडलं की रुखवताला शोभा येईल पाहा."

"वहिनी, रुखवतात मांडलेलं परत येतं का?"

"अवो, मी आहे नं! दोन घंट्याची तर गोष्ट आहे. सोयरे जेवायला बसले की मांडववाला गुपचूप वर आणून ठेवतो. मी सांगूनच राहिली त्याला."

"त्यांच्या लक्षात आलं तर?"

"कोण लाकूड मोजून राहिलं, वन्सं? इतकं काय ते डब्ब्यांचं! सुभीचं लग्न रोज रोज होते का?"

या शेवटच्या प्रश्नाला आपल्या समाजात उत्तर नाही, म्हणून तो विचारला जातो. बाईंनी नकाशासंग्रह उतरवून जमिनीवर ठेवले. खाली मांडवात लाकडी बाक होते, त्यामुळे बैठकीची गरज नव्हती. माथ्यावर साखरेचे वृंदावन चढायचे होते, त्यामुळे फळीचीही नव्हती. त्या दोन वर राहिल्या आणि सहा खण खाली गेले.

रुखवत सुरेख दिसले, हे मान्य केले पाहिजे. खाप्याच्या बायका एकमेकींना ढोसून दाखवीत होत्या. प्रयागबाईंनी खणाच्या मागे हात घालून पाठ चाचपली आणि म्हणाल्या, "मांगूनबी पालिश हाय वं माय!" ज्या मागच्या बाजूसाठी बाईंनी ओमप्रकाशांशी वाद घातला होता, तिची दाद देणारी एकमेव व्यक्ती ती निघाली.

चूक पुढे झाली, आणि ती फक्त आपल्यासारखीच माणसे करू शकतात. रुखवत दाखवण्यासाठी असते हे शोभाताईंच्या लक्षात होते, ते नेण्यासाठी असते हे त्यांनी दोन घंट्यांपुरते बाजूला ठेवले होते. नवरदेवाच्या काकांनी ते बाजूला ठेवले नव्हते. पंगत बसायच्या आधीच त्यांनी सगळे सामान उतरवून सतरंज्यांत गुंडाळायला घेतले. मांडववाला दोनदा येऊन परत गेला. काकांचा यात काडीचाही दोष नाही. त्यांनी सहाही खण अगदी जपून, कोपऱ्यांना गवत लावून मॅटॅडोरमध्ये चढवले.

कौशल्याबाई ओसरीवर उभ्या होत्या. त्यांनी भावाकडे पाहिले, तर भाऊ घड्याळ पाहत होते. त्यांनी "वहिनी," अशी एकदाच हाक मारली.

"आता नाही, वन्सं, आता नाही," शोभाताई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या. "पोरीचं पहिलं पाऊल आहे. मी आणवते नं मागाहून."

आधी म्हणाल्या आषाढात मुलगी आखाडीच्या सणाला येईल तेव्हा आणवते, मग म्हणाल्या दिवाळीला. दिवाळी झाल्यावर त्यांनी तो विषय काढला नाही आणि कोणी काढला तर त्यांना स्वयंपाकघरात काही तरी उतू जात असल्याचे आठवे. नकाशासंग्रह पुन्हा पोत्यात गेले. बैठक आणि फळी भिंतीला टेकून उभ्या होत्या. बाई रोज त्या पुसत. एकदा मी म्हटले, "सरळ मागून का घेत नाही?" त्या म्हणाल्या, "कोणाकडून मागू? ज्यांनी नेलं त्यांचं चुकलं नाही. ज्यांचं चुकलं त्यांच्याकडे ते नाही."

संक्रांतीला सुभद्रेचा पहिला सण म्हणून प्रयागबाई सुनेला घेऊन धरमपेठेत आल्या. हळदीकुंकवाला आळीतल्या बायका जमल्या होत्या. कौशल्याबाईंच्या हाती तिळगुळाचे तबक होते. वयस्क, अविवाहित बाईला अशा समारंभात तबकाच्या आधाराने उभे राहावे लागते. वामनराव शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचीत होते आणि मधले दार उघडे होते. प्रयागबाई सतरंजीवर ऐसपैस बसल्या आणि शोभाताईंना म्हणाल्या,

"काहून वं ईनबाई, धड पाठोलं न मुंडकं ठेवून घेतलं काय?"

शोभाताई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "कोणाचं मुंडकं?"

"त्या मांडणीचं वं! ना डोकं हाय तिले, ना पाय. मातीवर ठेवली तं वाळवी लागन म्हणून मी खाली विटा टाकल्या. वरची फळी न खालचा पाट इकडंच राह्यला असन तं देऊन टाका."

बायका हसल्या. "राहूनच गेलं पाहा गडबडीत," शोभाताई घाईने म्हणाल्या. "वर आहे, जाताना देते."

"बैठक आणि फळी माझी आहे," कौशल्याबाई म्हणाल्या.

"वन्सं गंमत करून राहिल्या."

"गंमत नाही."

प्रयागबाईंनी तोंडातला तिळगूळ संपवला. "मंग खण कोनाचे?"

सुभद्रेने मान वर करून सासूबाईंकडे पाहिले. "आई, ते आत्याचे..." इतके ती बोलली असेल तोच शेजारच्या खोलीतून वामनरावांचा हसरा आवाज आला.

"तुमच्या सुनेचेच, ईनबाई! घरात माझं-तुझं काही असतं का? अन् कौशल्याचं लग्न झालं असतं तर तिच्याच रुखवतात नसती का गेली ही मांडणी? समजा, आता गेली."

माणूस वाईट नव्हता, असे त्यांच्याविषयी आजही सांगतात, आणि ते खरे असावे. तिळगूळ खात, वर्तमानपत्रावरची नजर न उचलता ते हे बोलू शकले, याचे कारण दुष्टपणा नसून खात्री हे होते.

प्रयागबाईंनी मात्र हात झटकले. "इवाई, तुमाले नाही विचारलं मी. जिचं असन तिनं सांगावं." त्या कौशल्याबाईंकडे वळल्या. "बाई, तुमचे असन तं बोला. उद्या बंडीत भरून पाठोतो. आमाले काय लाकडाची कमी हाय?"

त्या क्षणी सगळे बाईंच्या एका शब्दावर येऊन थांबले होते. शब्द उच्चारला असता तर खण दुसऱ्या दिवशी परत आले असते. त्याबरोबर आणखी एक गोष्ट खाप्याला गेली असती: सुभद्रेच्या आईबापांनी रुखवतात दुसऱ्याची वस्तू मांडली. प्रयागबाई ती विसरल्याही असत्या, पण घरात माणसे पुष्कळ होती, आणि सुभद्रेला त्यांच्यात म्हातारे व्हायचे होते. बाईंनी पुतणीकडे पाहिले. मुलगी रडत नव्हती, फक्त बांगड्या मागेपुढे करीत होती.

"खण सुभद्रेचे आहेत," कौशल्याबाई म्हणाल्या. मग तबक खाली ठेवून म्हणाल्या, "बैठक आणि फळी माझी. ती कोणी मागू नये."

त्याच आठवड्यात शाळा सुटल्यावर आम्ही ओमप्रकाशांकडे गेलो. बाईंनी जुन्या बैठकीवर नवे सहा खण सांगितले, त्याच रुंदीचे.

"अन् पहिलेचे कुठं गेले?"

"त्यांचं लग्न झालं."

ओमप्रकाशांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली, तेव्हा त्यांनी पुढे विचारले नाही. "ठीक आहे. पाठ या टाइमले साधी लावू का, बाई? का पुन्हा भिंत बदलते?"

"पॉलिशच करा. खोली भाड्याची घेते आहे. पण आता भिंत बदलली तर मी ठरवून बदलेन."

खणांनी पुन्हा एक उन्हाळा आणि एक पावसाळा दुकानात काढला. भाड्याची खोली तोपर्यंत ठरली होती, शाळेमागच्या गल्लीत, एका कंपाउंडरच्या घरात माडीवर. दसऱ्यानंतर बाईंनी बैठक आणि फळी सायकलरिक्षात आडवी घातली. ट्रंक आणि पुस्तकांची पोती दुसऱ्या रिक्षात मी घेऊन बसले. शोभाताई दारात आल्या नाहीत. वामनराव फाटकापर्यंत आले.

"लोक काय म्हणतील, कौशल्या? भावाचं घर असताना बहीण भाड्यानं राहते?"

"तुम्ही लोकांना छान समजावता, दादा," बाई म्हणाल्या. "हेही समजावाल."

त्या खोलीत त्या अजून राहतात. सेवानिवृत्तीला काही वर्षे उरली आहेत. मांडणी दाराच्या उजव्या हाताला आहे, आणि पृथ्वीचा गोल वरून दुसऱ्या खणात. बैठक आणि फळी जुनी असल्यामुळे गडद आहे, मधले खण थोडे फिके आहेत. दोन-चार वर्षांत रंग एक होईल असे ओमप्रकाश म्हणाले होते. अजून झालेला नाही. सुभद्रा संत्र्यांच्या दिवसांत टोपली घेऊन येते, आत्याजवळ दुपारभर बसते. खाप्याच्या सुताराने तिच्या खणांना आंब्याच्या लाकडाची फळी आणि पाट करून दिला, तो बरा बसला नाही, खालचा खण डुलतो, असे ती एकदा म्हणाली.

बाईंनी तिला फळीची आणि पाटाची लांबी-रुंदी सांगितली आणि लाकूड उन्हाळा काढलेले घे, असे बजावले. आपली बैठक आणि फळी देऊ केली नाही. सुभद्रेनेही मागितली नाही.